फ्लू शॉटच्या रांगेतच किट द्या

फ्लूची लस घ्यायला आलेल्याच्या हातात शौचाच्या टेस्टचं किट (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी, घरी करायची फिट टेस्ट) देणं काहींना विचित्र वाटतं, पण मला ते अगदी योग्य वाटतं. इथे अमेरिकेत याला फ्लूफिट म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. मायकेल पॉटर यांच्या टीमने करून पाहिलं तेव्हा लशीसोबत किट दिलेल्यांमधे या कॅन्सरची तपासणी झालेल्यांचं प्रमाण ५४.५ वरून ८४.३ टक्क्यांवर गेलं, नुसती लस दिली त्यांच्यात जेमतेम ५७. कारण साधं आहे हो, धडधाकट माणसं एरवी डॉक्टरकडे फिरकतच नाहीत पण लशीला दर वर्षी येतात, आणि पंचेचाळिशीनंतर ही टेस्टही दर वर्षीच करायची असते.

माझ्या सासऱ्यांना नर्सने ट्यूब उघडून काडी कशी फिरवायची ते दाखवलं, पथ्य काही नाही, घरी पाच मिनिटांत झालं. फक्त ट्यूबवर तारीख टाकायची राहिली आणि लॅबने सॅम्पल घेतलंच नाही, सगळं परत करावं लागलं. तेव्हा किट देतानाच तारखेचं ठासून सांगा. आणि पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करायचीच, पुन्हा हीच टेस्ट करून बघू असं मुळीच नको.