‘डिलिरियम’ला कोकणातल्या घरात काय म्हणायचं?

पडवी
हृदयशस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरच्यांसाठी चार पानी पत्रक मराठीत करते आहे. वाचणारे बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. शस्त्रक्रिया गोव्यात, कोल्हापुरात नाहीतर मुंबईत, आणि पत्रक वाचलं जाणार आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर. डिलिरियमच्या, म्हणजे आजारात अचानक भान हरपून गोंधळण्याच्या, एका वाक्यावर अडले आहे: ‘बायपासनंतर काही ज्येष्ठांना ____ होतो. तो अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो.’ आधी ‘उन्माद’ लिहिलं होतं, ते तपासणाऱ्यांनी खोडलं. मग ‘वात’ लिहिलं, तर म्हणाले, वात म्हणजे सांधेदुखी. पण ‘तापात वात झाला’ असं जुनी माणसं अजून म्हणतात ना?

तिरफळ
म्हणतात. पण त्या वातामागे ताप असतो. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरळणाऱ्या माणसाचं अंग पुष्कळदा थंड असतं. ‘वात’ वाचून घरचे कपाळाला हात लावून बघतील आणि ताप नाही म्हणून निर्धास्त होतील.

‘उन्माद’ खोडला ते योग्यच झालं. कारण डिलिरियमचे दोन चेहरे असतात. एकात माणूस नळ्या ओढतो, खाटेवरून उतरू बघतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो. दुसऱ्यात तो नुसता पडून राहतो: हाक मारली तर डोळे उघडतो, परत मिटतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. काहींना दोन्ही आलटून पालटून. म्हाताऱ्या माणसांत गप्प प्रकार जास्त, आणि निसटतो तोच. ‘दमलेत, झोपू द्या’ म्हणून दिवस जातात. तोवर छातीत कफ साठतो, घास श्वासनलिकेत जातो, पाठीला जखमा होतात. शब्द असा हवा की गप्प पडलेला माणूसही त्यात बसेल. ‘उन्माद’, ‘बरळणं’, ‘प्रलाप’ हे तिन्ही बोलणाऱ्या माणसाचे शब्द.

जुनीवही
संस्कृतातून येणारी मालिका एकदा नीट मांडू. ‘प्रलाप’ म्हणजे असंबद्ध बोलणं, ते लक्षण झालं, अवस्था नव्हे. ‘सन्निपात’ म्हणजे तिन्ही दोष एकत्र कोपणं. अवस्थेला नेमका, भारदस्त शब्द. ‘भ्रम’ सोपा आहे. परिभाषेत ‘मुग्धभ्रांती’ही आहे आणि मला तोच योग्य वाटतो. ‘मुग्ध’ शब्दाच्या मुळाशी मुह् धातू, म्हणजे भान हरपणं, गोंधळणं. तिरफळ म्हणतात तो गप्प प्रकार त्यात आपोआप येतो. चांगला शब्द वाचकाला येत नाही म्हणून टाकून द्यायचा, की शिकवायचा?

सुकतीची_वेळ
जुनीवही, मुळाबद्दल तुमचं बरोबर, पण शब्द आज काय सांगतो ते बघा. मराठीत ‘मुग्ध’ म्हणजे भोळं, गोड; ‘मुग्ध हास्य’. वडिलांच्या छातीतून नळ्या निघालेल्या आहेत अशा मुलाला ‘मुग्धभ्रांती’ काय सांगणार? ‘सन्निपात’ तर घरात शेवटच्या घटकेचाच शब्द समजतात. तो वाचला की मुंबईच्या भावंडांना ‘लगेच निघा’ म्हणून फोन जातील. आणि ‘भ्रम’ आयुर्वेदात मुख्यतः चक्कर येण्याला आहे. धातू ‘फिरणे’ हाच, भ्रमणातला.

जुनीवही
चरकाच्या भाषेत चक्कर, मान्य. मराठीत ‘भ्रम’ चक्करेला कोणी म्हणत नाही. ‘भ्रमिष्ट’ म्हणजे चळलेलाच.

सुकतीची_वेळ
तेच तर. ‘भ्रमिष्ट’, ‘खुळावलो’, ‘म्हातारचळ’ हे शिक्के आहेत, एकदा बसले की पुसत नाहीत. डिलिरियम बहुतेकांचा पुसला जातो. (काहींची स्मरणशक्ती पुढे महिनोन्‌महिने पूर्ववत होत नाही, तेही पत्रकात लिहा.)

रातांब्याची_सावली
मालवणीत पाहिलंत तर शब्द तयार आहे: चकवो. चकवा लागलेला माणूस ओळखीच्या पाणंदीत वाट चुकतो, त्याच बांधावर पुन्हा पुन्हा येतो, आणि उजाडलं की वाट सापडते. अचानक लागतो, काळोखात लागतो, सुटतो. पडवीताईंच्या वाक्यातल्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. शिवाय चकव्यात माणसाचा दोष नसतो, घराण्याला बट्टा लागत नाही. ‘बापाशीक चकवो लागलो हा, दोन दिसांनी सुटतलो’ हे आजीलाही कळेल.

रात्रपाळी
चकवा पत्रकात छापू नका, अशी कळकळीची विनंती. चकवा लावणारं कोणीतरी असतं. तो शब्द आला की त्यामागून गाऱ्हाणं, नारळ, अंगारा येतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. वेळ जातो त्याला आहे. या अवस्थेमागे शरीरातलं कारण असतं आणि ते त्याच दिवशी शोधावं लागतं: रक्तातला ऑक्सिजन कमी, सोडियम किंवा साखर घसरलेली, जंतुसंसर्ग, हृदयाचे ठोके अनियमित, हिमोग्लोबिन उतरलेलं, लघवी तुंबलेली, चार दिवस पोट साफ नाही, दुखणं दबलेलं नाही, किंवा एखादं औषध. सर्दी-खाजेसाठी देतात ते एव्हिलसुद्धा म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतं. झोपेच्या गोळीचं दुहेरी आहे: नव्याने दिली तर गोंधळ वाढतो, आणि घरी वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम एकदम बंद झाली तरी होतो. म्हणून घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखल होतानाच दाखवायची.

शब्द कुठलाही घ्या, त्याखाली ‘ताबडतोब नर्सला सांगा’ हे हवंच. सकाळच्या राउंडला माणूस शहाण्यासारखा बोलतो आणि तिन्हीसांजेनंतर बिघडतो. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा ठीक होते, एवढ्यावर थांबायचं नाही.

तिरफळ
ओळखायची रीतही द्या. गप्पा मारून कळत नाही, ‘जेवलात का’ला ‘हो’ सगळेच म्हणतात. लक्ष टिकतं का ते बघायचं असतं. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... मधेच सुटलं, सरळ म्हणू लागले, नाहीतर प्रश्नच विसरले, तर सांगायला जा. शिकलेल्यांना डिसेंबरपासून उलटे महिने विचारतात, पण चैत्र-वैशाखावर वाढलेल्या आजीला ते उगाच अवघड.

शब्द विचित्र पण अडखळल्याशिवाय येत असतील, तोंड वाकडं असेल, एक हात उचलत नसेल, तर ते बरळणं समजू नका. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात.

माडाखाली
दारूचा मुद्दा राहिला. रोज घेणाऱ्याची दारू सुटली की साधारण दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात. बायपासच्या डिलिरियमची वेळही नेमकी हीच, पण उपचार निराळे. एरवी ज्या जातीची शामक औषधं टाळतात, तीच इथे द्यावी लागतात, सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). आपल्याकडे ‘दारू घेतात का’ला ‘नाही’ म्हणतात, कारण माडी आणि काजूच्या बोंडांचा हुर्राक घरच्यांच्या लेखी दारूत मोजत नाहीत. पत्रकात ‘मद्यपान’ लिहू नका. ‘माडी, हुर्राक, फेणी, देशी, विदेशी, काहीही, रोज किती’ असं लिहा.

जुनीवही
मूळ शब्दाकडे बघायचं झालं तर ‘डिलिरियम’ लॅटिन आहे. लिरा म्हणजे नांगराने पडलेली रेघ, डे म्हणजे बाहेर; नांगर रेघ सोडून गेला, असा अर्थ. आपल्याकडे त्या रेघेला ‘तास’ म्हणतात. बैल तास सोडून जातो. मग ‘तासभ्रंश’ का नको? कल्पना तीच, दोन्ही शब्द आपले.

रातांब्याची_सावली
‘तासभ्रंश’ वाचून घड्याळातला तास आठवेल, वेळेचं भान गेलं असं वाटेल. आणि नांगर आता राहिलाय किती? पॉवर टिलरने चिखलणी होते.

जुनीवही
वेळेचं भान जातंच की या अवस्थेत! चुकून बसलेला अर्थही बरोबर बसतो आहे.

रात्रपाळी
वेळेचं भान परत आणायला लागतं काय, ते सांगते. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी शस्त्रक्रियेआधी काढून ठेवतात आणि ती पिशवी नातेवाइकांकडेच राहते. आयसीयूत परवानगी मिळाली की पहिल्यांदा ती आत द्या. कानाच्या यंत्राचे सेलही. दिसेल असं घड्याळ, दिवसा उजेड, रात्री अंधार आणि कमीत कमी आवाज. घरचं एकच माणूस पाळीने, आठ जण एकदम नकोत. ‘मी अमकी, आज बुधवार, ऑपरेशन झालं, तुम्ही इस्पितळात आहात’ एवढंच, शांतपणे, पुन्हा पुन्हा, घरी बोलता त्याच बोलीत. दिसणाऱ्या माणसांवरून वाद नाही आणि होकारही नाही. हात बांधल्याने गोंधळ वाढतो; त्यापेक्षा हात हातात धरून बसलेलं बरं. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. कठड्याला धरून झटक्यात उठले तर ते हलतं, म्हणून रात्री कोणी जागं असणं महत्त्वाचं.

पडवी
रात्रपाळीताई, हे सगळं घेते, हुर्राकसुद्धा. शब्दाचं मात्र ठरत नाही. सध्या ‘तात्पुरता गोंधळ’ असं लिहून कंसात ‘डिलिरियम’ ठेवते, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ओळखतील.

सुकतीची_वेळ
‘गोंधळ’ म्हटलं की आपल्याकडे देवीचा गोंधळ. संबळ वाजते त्यात.

तिरफळ
‘माझा गोंधळ झाला’ सगळे म्हणतात, देवी कोणाला आठवत नाही. माझी हरकत ‘तात्पुरता’ला आहे. तात्पुरता म्हटलं की कारण शोधायची घाई राहत नाही. ‘अचानक आलेला गोंधळ’ लिहा. घरी सोडल्यावर आठ दिवसांनी नव्याने आला तरी तेच वाक्य लागू पडेल, आणि तेव्हा तर थेट इस्पितळच गाठायचं असतं.

जुनीवही
‘अचानक’पेक्षा ‘अकस्मात’ का नको?

रातांब्याची_सावली
‘अवचित’ म्हणा हवं तर. पण बाकावर बसलेली माणसं आपसांत चकवोच म्हणणार, तुम्ही काहीही छापा.

रात्रपाळी
म्हणू देत. आत येऊन नर्सला सांगताना म्हणाले तरी चालेल.