‘तू यावंस’ म्हणजेच स्पॅनिशमधला सब्जंक्टिव्ह

स्पॅनिशमध्ये ‘तू यावंस असं मला वाटतं’ म्हणायला ‘किएरो के बिएनेस’ (शब्दशः ‘मला हवंय की तू येतोस’) चुकीचं का, असं एकाने विचारलंय. मराठीत आपण ‘तू येतोस असं मला हवंय’ म्हणत नाही, ‘तू यावंस’ म्हणतो. हा आपला विध्यर्थ (इच्छा, अपेक्षा सांगणारं क्रियापदाचं रूप), तिथला सब्जंक्टिव्ह: ‘किएरो के बेंगास’. कर्ता एकच असेल, म्हणजे ‘मला यायचंय’, तर नुसतं ‘किएरो बेनिर’.

सब्जंक्टिव्हचं रूप करायला वर्तमानकाळातलं ‘यो’चं (‘मी’चं) रूप घ्या, शेवटचा ओ काढून उलटा स्वर लावा: मूळ रूप ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ए, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपणाऱ्यांना आ. आब्लो-आब्ले, बेंगो-बेंगा. ‘यो’चं रूप ओकारान्त नसलेली सहा क्रियापदं (सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर, दार) सरळ पाठ करा.

खरी गोची होते ती मराठी मदतीला येत नाही तिथे. ‘नाशिकरोडला पोहोचलो की फोन करतो’ हे रोजचं की आजचं, ते वाक्यावरून कळत नाही. स्पॅनिशमध्ये सवय असेल तर ‘क्वांदो येगो’, अजून पोहोचायचं असेल तर सब्जंक्टिव्ह, ‘क्वांदो येगे’. ‘येगे’ लिहिताना (llegue) जीनंतर यू हवाच, नाहीतर उच्चार ‘येखे’ होतो.

मराठीचं शब्दशः भाषांतर फसतं अशी आणखी एक जागा: ‘उद्या पुण्याला जातोय’ला ‘एस्तोय येंदो’ (शब्दशः ‘जातोय’) नको. साधा वर्तमानकाळ, ‘मान्याना बोय आ पुणे’ (शब्दशः ‘उद्या जातो पुण्याला’), बस्स.