लिंबाचा रस चेहऱ्याला थेट लावू नका

चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवर उपाय सांगणारी एक पोस्ट वाचली: साखर आणि गोड पेयं कमी करा, आठवड्यात फरक दिसतो, आणि लिंबाचा रस थेट चेहऱ्याला चोळा. साखर आणि गोड पेयं कमी केल्यावर पुटकुळ्या कमी झाल्या, हे माझ्याही बाबतीत खरं ठरलं. फक्त "आठवड्यात फरक दिसतो" हे पटत नाही. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायलाच साधारण 4 आठवडे लागतात. मला फरक जाणवायला दोन महिने गेले, आणि मधे दोनदा मी सगळं सोडून द्यायच्या बेतात होते.

पण लिंबाचा रस थेट चेहऱ्याला चोळायचा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका. मी घेतला होता. नैसर्गिकच तर आहे, त्याने काय होणार, असं वाटलं. रस लावला आणि नीट न धुता उन्हात गेले. दुसऱ्या दिवशी हनुवटीजवळ नुसती आग, मग फोड, आणि नंतर पडलेला तपकिरी डाग जायला पाच महिने लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी कारण सांगितलं: लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. शिवाय या रसाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; एक अंक कमी म्हणजे दहापट जास्त आम्लधर्मी) 2 ते 3, निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणजे रस निदान शंभरपट जास्त आम्लधर्मी. आता नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस थांबते. पण झाकलेल्या जागी ऊन लागत नसल्याने लिंबाचा उन्हात होणारा त्रास त्या चाचणीत कळणारच नाही.