ओसीआय कार्ड आणि बापाचं वावर

ओसीआय कार्ड म्हणजे परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड. 'ते असलं की जमिनीच्या बाबतीत माणूस भारतीयच धरतात' असं कुणी कुणी म्हणतं. फ्लॅट, दुकान, अकृषक प्लॉट यांच्यापुरतं ते खरं आहे. पैसे बँकेतून यायला हवेत, डॉलरची रोकड चालत नाही. शेतजमीन, फार्महाउस, चहा-कॉफीचे मळे मात्र विकत घेता येत नाहीत, आणि शेतजमिनीचं बक्षीसपत्रही घेता येत नाही, सख्ख्या बापाकडूनसुद्धा. हे शेवटचं मुद्दाम सांगतो.

आमच्या मोठेबाबांचं आर्वीकडे साडेचार एकर वावर. चुलतभाऊ अमेरिकेचा नागरिक. तो दिवाळीला आला तसे मोठेबाबा धुतलेली टोपी घालून, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून निघालेच, "माह्या जित्तेपणी पोराच्या नावानं करून टाकतो." वकिलानं भावाचा निळा पासपोर्ट पाहिला आणि कागद बाजूला सारला. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे घर बक्षीस देता येतं, वावर नाही. वावर वारसाहक्कानेच जाईल. मोठेबाबा भडकले, "म्हंजे म्या मेलोच पाह्यजे का?" उत्तर तसं 'हो'च होतं, पण देणार कोण!

गावठाणातलं घर तेवढं त्याच्या नावावर झालं. वावर अजून मोठेबाबांचंच, यंदा पऱ्हाटी (कापूस) आहे. पुढे भावाकडे आलं आणि विकायची पाळी आली, तर दुसऱ्या ओसीआयवाल्याला विकता येणार नाही. भारतात राहणाराच गिऱ्हाईक लागेल, तोही आपल्याकडे शेतकरी असलेला.