सर्वांत जास्त खपलेला रॉक अल्बम नेमका कुठला? (घरात पैज लागली आहे)

फीतगुंता:

मंडळी, निवाडा हवा आहे.

इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगत आलोय की जगात सर्वांत जास्त खपलेला रॉक अल्बम म्हणजे पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. पुरावा काही नाही, पण कधी कुणी अडवलंही नव्हतं. परवा भाच्याने अडवलं. वय वर्षे १९. फोन काढला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "मामा, ईगल्सचा 'देअर ग्रेटेस्ट हिट्स'. ३८ पट प्लॅटिनम. तुझ्या फ्लॉइडला १५."

मी म्हटलं, ते नुसतं अमेरिकेचं झालं, जगाचं बघ. जगाचं बघितलं तर तिसरंच नाव निघालं: एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', ५ कोटी. डार्क साइड साडेचार कोटी. आणखी एका यादीत मीट लोफचा 'बॅट आउट ऑफ हेल' या दोघांच्या शेजारी बसलेला. एवढ्यात आतून बायकोचा आवाज, "फ्लीटवुड मॅकला विसरू नका!" तिला तिथून कसं ऐकू गेलं देव जाणे.

पैज अशी आहे की हरेल त्याने जिंकणाऱ्याचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं न टाळता, फोन बाजूला ठेवून ऐकायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण भाच्याच्या पिढीला ही शिक्षा जन्मठेपेसारखी आहे.

तर कोणता आकडा धरायचा?

---

खडखडाट:

बॅक इन ब्लॅक. धागा बंद करा.

बरं, थोडं सविस्तर. फेब्रुवारी १९८० मध्ये बॉन स्कॉट गेला. गायकच गेला म्हटल्यावर दुसऱ्या बँडने गाशा गुंडाळला असता. यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं, बहामाजमध्ये जाऊन अल्बम रेकॉर्ड केला आणि जुलैमध्ये तो बाजारात होता. पाच महिने! मुखपृष्ठ सबंध काळं, कारण ते सुतक आहे. कंपनीला ते पसंत नव्हतं, शेवटी अक्षरांभोवती करडी रेघ तरी ओढा एवढ्यावर तडजोड झाली. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत हा अल्बम त्या वेळी चौथ्या नंबरच्या वर चढलाच नाही. पहिल्या नंबरावर न जाता २०१९ पर्यंत तिथे २५ पट प्लॅटिनम. त्या आठवड्यात कोण पहिलं होतं ते आज कुणाला आठवतंय?

---

ताळेबंद:

मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासते, त्यामुळे असे आकडे बघितले की हात शिवशिवतात. वर जे आकडे शेजारी शेजारी मांडलेत, ते एका वहीतले नाहीत.

३८, २५, १५ हे अमेरिकेच्या आरआयएए या संस्थेचे. एक प्लॅटिनम म्हणजे १० लाख. पण १० लाख काय? लोकांनी घरी नेलेल्या प्रती नव्हेत, तर कंपनीने दुकानांकडे रवाना केलेला माल, परत आलेला वजा करून. शिवाय ही मोजणी आपोआप होत नाही. कंपनीने अर्ज करायचा, फी भरायची, मग तपासणी. अर्ज केला नाही तर अल्बम कितीही खपो, वहीतला आकडा जिथे होता तिथेच झोपून राहतो. डार्क साइडचा १५ हा १९९८ पासून तसाच पडून आहे. उलट ईगल्सचं बघा. 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' २००६ मध्ये २९ वर होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एकदम ३८. मधल्या काळात ९० लाख माणसं दुकानासमोर रांग लावून उभी होती असं नाही. राहिलेला हिशेब एका झटक्यात पूर्ण केला, आणि २०१६ पासून स्ट्रीमिंगही धरायला लागलेत. गाणी मिळून दीड हजार वेळा वाजली की एक अल्बम 'विकला' असं समजतात.

५ कोटी, साडेचार कोटी हे जागतिक आकडे म्हणजे निव्वळ दावे. सगळ्या जगाची एक खतावणी कुणीच ठेवत नाही. प्रत्येक देशाची संस्था वेगळी, प्लॅटिनमची पातळी वेगळी. जागतिक आकडा बहुधा कंपनीच्या जाहिरातीत जन्माला येतो आणि तिथून वर्तमानपत्रात जातो. मग पुढच्या जाहिरातीत 'वर्तमानपत्रांनुसार' म्हणून परत येतो. माझ्यासमोर असं व्हाउचर आणलं तर मी सही करणार नाही.

आणि तुमच्या फ्लॉइडचाच एक नमुना देते. 'द वॉल' २३ पट प्लॅटिनम, म्हणजे डार्क साइडच्या पुढे, बरोबर? चूक. तो दोन तबकड्यांचा संच आहे आणि एक संच गेला की दोन मोजतात. संच गेले साधारण १ कोटी १५ लाख. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमचे २४ तसेच: संच १ कोटी २० लाख.

---

खडखडाट:

ताई, मीही ५ कोटीवाला दावा करणारच होतो. आता गप्प बसतो.

---

सहावी तार:

संकलनं धरायचीच का, हा माझा मूळ मुद्दा. ईगल्सचा तो अल्बम म्हणजे आधीच्या चार अल्बममधली दहा गाणी उचलून एकत्र बांधलेली. त्यात बँडने नवीन काय केलं? ब्रिटनमध्येही हीच रड. तिथला सर्वांत जास्त खपलेला अल्बम क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स', १९८१ चा, २०२२ मध्ये ७० लाखांच्या पुढे गेला. मला क्वीन जीव की प्राण आहे, पण तो अल्बम म्हणजे निवडक वेचे झाले. कादंबऱ्यांच्या स्पर्धेत त्यांना कसं बसवायचं?

जाता जाता, भाच्याला एक प्रश्न विचारा: ईगल्सच्या त्या संकलनात 'हॉटेल कॅलिफोर्निया' कितवं गाणं आहे? दहापैकी आठ जण काहीतरी नंबर सांगतात. ते त्यात नाहीच. संकलन फेब्रुवारी १९७६ चं, 'हॉटेल कॅलिफोर्निया' हा अल्बम त्याच वर्षीच्या डिसेंबरचा.

---

फीतगुंता:

विचारलं. "चौथं," म्हणाला. मग दोन मिनिटं शांतता. सहावी तार, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

---

बारकोड:

दुकानाचा आकडा हवा असेल तर १९९१ च्या आधीचं सगळं विसरा. तोपर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाचा चार्ट दुकानदारांना फोन करून बनायचा. यादीत वर कोण, खाली कोण हे दुकानातल्या माणसाच्या आठवणीवर आणि मर्जीवर. मे १९९१ पासून साउंडस्कॅन आलं: गल्ल्यावर बारकोड 'टीं' वाजला की नोंद. हेवी मेटल आणि रॅप अचानक वर आले, कारण ते आधीही खपत होते, फक्त फोनवर कुणी सांगत नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये मेटॅलिकाचा काळा अल्बम आला. अमेरिकेत 'टीं' आवाजाच्या हिशेबाने तो १ कोटी ६० लाखांच्या वर गेला आणि त्या काळापासूनचा पहिला ठरला. माझं मत त्याला. निदान प्रत्येक प्रतीमागे एक माणूस गल्ल्यासमोर उभा होता.

---

आडवा प्रश्न:

मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये रॉकवाल्या एडी व्हॅन हेलनची गिटार आहे. मग तो रॉक का नाही? (पळतो.)

---

फीतगुंता:

आडवा प्रश्न, भाच्यासमोर हे बोलू नका, आधीच बाजू माझ्यावर उलटतेय.

सगळ्यांचं वाचलं. ताळेबंद यांचं दोनदा वाचलं आणि मग स्वतःचाच हिशेब काढायला बसलो.

डार्क साइड मी तीनदा विकत घेतलाय. आधी कॅसेट. मग ती घासली म्हणून सीडी. मग नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती निघाली म्हणून पुन्हा सीडी, जी पहिलीपेक्षा किती स्वच्छ आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणजे कुठल्यातरी वहीत मी एकटा तीन माणसं आहे. आता उलटी बाजू. त्या एका कॅसेटवरून मी मित्रांना कोऱ्या कॅसेटवर प्रती काढून दिल्या. नीट आठवून मोजल्या, अकरा. त्यातल्या दोघांनी पुढे आणखी कुणाकुणाला दिल्या. कायद्याने चुकलंच ते, पण सांगायचा मुद्दा असा की या सगळ्यांचा अल्बम तोंडपाठ आणि वहीत त्यांची नोंद शून्य. ताई, याचं व्हाउचर कुठे जोडायचं?

कॅसेटचं म्हणाल तर तिचा आवाज एक दिवस एकदम कोंडल्यासारखा झाला, जणू कुणी उशीखाली दाबून वाजवतंय. उघडून बघितली. कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच बारीक स्क्रू. आत फितीला मागून दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी असते, तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेली. ती सुटून पडली होती. भजनांची एक जुनी कॅसेट होती, तिची गादी काढून हिला बसवली. आवाज परत आला. फीत मात्र बंद करताना थोडी चुरगळली, आणि ती नेमकी 'मनी'च्या सुरुवातीला, जिथे नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट आहे. ते आवाज बँडने फितीचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, चिकटवून सात मात्रांत बसवलेले. माझ्या कॅसेटवर त्या सातांतली एक मात्रा लंगडायची. सीडी आणली तेव्हा ती सरळ वाजली आणि मला चुकल्यासारखं वाटलं.

एवढं सांगायचं कारण, बायको हे वाचून म्हणाली की फितीचंच बोलायचं तर फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'शी बरोबरी करू नका. आणि मग तिने जे सांगितलं त्याने माझी बोलती बंद झाली. अल्बम करताना त्या लोकांनी मूळ फीत इतक्या वेळा वाजवली की तिच्यावरचा थर झिजायला लागला, ड्रमचा आवाज बसत चालला. नशिबाने सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाची दुसरी फीत जपून ठेवलेली होती. मग एका तंत्रज्ञाने एका कानात एक फीत आणि दुसऱ्या कानात दुसरी असं हेडफोन लावून, दोन्हींचा वेग हाताने जुळवत राहून ती वाचवली. बँडमधल्या दोन जोड्या त्याच वेळी मोडत होत्या, फीतही मोडायला आली होती, आणि त्यातून निघालेला अल्बम अमेरिकेत ३१ आठवडे पहिला! माझा डार्क साइड तिथे पहिल्या नंबरावर फक्त एक आठवडा होता. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. वीस वर्षांत तिने एकदाही बोलून दाखवलं नाही, वेळ येईपर्यंत राखून ठेवलं असणार.

---

ताळेबंद:

एक आठवडा पहिला, पण १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे यादीत, हेही वहिनींना सांगा. तुमच्या बाजूने सही करावी असा हा एकच आकडा मला सापडला, कारण तो कुणाचा दावा नाही. आठवड्याच्या आठवड्याला छापून आलेला आहे. (बारकोड म्हणतात ते फोनवालं दुखणं त्यालाही लागू, मान्य. पण चौदा-पंधरा वर्षं सगळ्या दुकानदारांनी मिळून एकाच अल्बमबद्दल थापा मारल्या असतील असं मला वाटत नाही.)

अकरा प्रतींचं व्हाउचर जोडता येत नाही. तळटीप द्या.

---

सहावी तार:

मग पैजेचं काय ठरलं?

---

फीतगुंता:

भाच्याशी तह झाला. 'खपलेला' या शब्दावर तो जिंकला, अमेरिकेपुरता आणि संकलन धरून. 'चौथं गाणं' म्हणाल्याबद्दल त्याला दंड. त्यामुळे शिक्षा दोघांनाही. मी काल रात्री ईगल्सची दहाच्या दहा गाणी बसून ऐकली. ठीक आहेत. बरं, ठीकपेक्षा बरी आहेत, पण हे इथेच राहू द्या.

आज त्याची पाळी. फोन माझ्या खिशात आहे, तो जमिनीवर हेडफोन लावून बसलाय. दोन वेळा "अजून किती?" विचारून झालं. आता मान हलायला लागली आहे, म्हणजे 'मनी' आलं असावं. पायाने ठेका धरायला बघतोय आणि दर सातव्या मात्रेला चुकतोय.