खिळे पोलिसांनी ठोकले, मग राग मीमवाल्यांवर का?

बांधावरचा : कालच्या पोस्टमधलं हे वाक्य डोक्यात गेलं: ‘बॅरिकेडवर मीम करणारे घरबसले शूर, पोलीस फक्त रस्ता मोकळा ठेवतात.’ फेब्रुवारी 2021 मध्ये शेतकरी आंदोलन अडवायला दिल्लीच्या सीमेवर गाझीपूरच्या रस्त्यात खिळे ठोकले, काँक्रीटचे ठोकळे रचून काटेरी तारांची भेंडोळी टाकली, ती रस्ता मोकळा ठेवायला? त्या खिळ्यांजवळच शेतकरी नेते राकेश टिकैतांनी माती टाकून फुलझाडं लावली. 2024 ला पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर ड्रोनमधून अश्रुधूर आला, तर पोरांनी ड्रोन पाडायला पतंग उडवले. ते धुरात उभे होते, घरी नव्हते.

द्राक्षवाला : माझी द्राक्षांची गाडी 2021 च्या त्याच फेब्रुवारीत जयपूरमार्गे दिल्लीला निघालेली. राजस्थान-हरियाणा सीमेवर शाहजहांपूरला आंदोलनामुळे महामार्ग बंद. खेड्यापाड्यांतून फिरवून नेली. पेट्या उघडल्या तर मणी गळालेले, तळाला पाणी. बाजार गेला तो गेलाच. त्यावर मीम का नाही केलं कुणी? आणि 26 जानेवारीला आंदोलक लाल किल्ल्यात घुसले, त्यानंतर पोलिसांनी हारतुरे घेऊन उभं राहायचं होतं का?

बांधावरचा : नुकसान झालं, वाईटच झालं. पण हरियाणा पोलिसांनी पुढे जाऊ दिलं नाही, म्हणून लोक शाहजहांपूरला बसले. डिसेंबरात आपल्या नाशिकहून निघालेला जथाही तिथेच पोचला होता.

कोथरूडकर : दिल्ली राहू द्या. आमच्या चौकात मंत्र्यांच्या ताफ्यासाठी दोरी लावतात, तेव्हा कुठे असता सगळे? आईला डायलिसिसला नेताना पाऊण तास अडकलो. हवालदार म्हणाला, ‘साहेब जाऊ द्या आधी.’

द्राक्षवाला : ताफ्यांसाठी वेगळा धागा काढा.

कोथरूडकर : का? तुमची द्राक्षं चालतात, माझी आई नाही? मंत्र्यासाठी रस्ता अडवला की बंदोबस्त, शेतकऱ्यांनी अडवला की गुन्हा!

पांथस्थ : आवाज खाली घ्या दोघंही. 2018 च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चनं दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदान गाठलं. आंदोलन असंही होतं.

द्राक्षवाला : हेच म्हणतोय मी!

बांधावरचा : अहो, त्यांना मुंबईत येऊ दिलं होतं! दिल्लीच्या वाटेवर हरियाणात रस्ते खणले होते. जुलै 2024 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानंही हरियाणालाच सांगितलं, शंभूचे अडथळे आठवड्यात काढा.

द्राक्षवाला : काढले का? रस्ता उघडला मार्च 2025 मध्ये, तोही पंजाब पोलिसांनी शेतकऱ्यांना उठवल्यावर.

बांधावरचा : म्हणजे न्यायालयानं सांगूनही आठ महिने भिंत तशीच. कुणाची होती ती?

द्राक्षवाला : सरकारची. बरं, खिळे नको होते, एवढं मानतो. पण माझ्या गाडीचं भाडं त्या फुलझाडांतून निघालं नाही, हेही लिहून ठेवा.