शीर चढली, गोळा आला, पाय भरून आला... म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या महिन्यात साताऱ्याहून मावशीचा फोन आला, "अगं पायात शीर चढलीय, पोटरीत गोळा आल्यासारखं झालंय, जरा सूजही आहे." आदल्या दिवशी नागपूरहून रात्रभर बसमध्ये बसून आलेली, मला वाटलं पाय भरून आले असतील, म्हटलं तेल लावून चोळून घे. नशीब वहिनीने पाय बघितले. डाव्या पायाचं जोडवं बोटात रुतलेलं आणि उजव्याचं सैल फिरतंय! लगेच डॉक्टरकडे नेलं, डॉपलर सोनोग्राफीत (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी) शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आता गोळ्या चालू आहेत, बरी आहे. पण मला त्या 'शीर चढली'चा अर्थ लागला नाही याचं फार वाईट वाटतंय. तुमच्याकडे शीर म्हणजे नेमकं काय म्हणतात?

---

मूळ संस्कृत सिरा, रक्तवाहिनीच. पण बोलताना आपण स्नायूला, मज्जातंतूला, सगळ्यालाच शीर नाहीतर नस म्हणतो. 'शीर चढली' म्हणजे बहुतेक वेळा पेटका, आमच्याकडे वांब म्हणतात, दोनचार मिनिटांत उतरतो. रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी) आणि नीला (रक्त हृदयाकडे परत नेणारी) हे शब्द शाळेच्या पुस्तकात राहिले, घरात कोणी उच्चारत नाही, आणि पायाच्या बाबतीत नेमका तोच फरक कामाचा. नीलेत गुठळी झाली की रक्त वर परतत नाही, एकच पाय तट्ट सुजतो, गरम लागतो, लालसर दिसतो. असा पाय चोळायचा नाही, गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते, छातीत दुखतं, तेव्हा थेट १०८. रोहिणी बंद झाली तर उलटं, रक्त खाली येतच नाही, पाय फटफटीत आणि गार पडतो, जीवघेणी कळ येते, मुंग्या येतात, मग बधिर होतो, बोटं हलेनाशी होतात. यात सूज सुरुवातीला बहुधा नसतेच, म्हणून 'सुजला नाही ना, मग सकाळी बघू' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, साधारण ६ तासांच्या आत रक्त सुरू झालं नाही तर पाय जाऊ शकतो.

---

'गोळा' बद्दल. रात्री झोपेत येणारा गोळा वेगळा, आणि ठरावीक अंतर चाललं की येणारा, उभं राहिलं की जाणारा, परत चाललं की परत येणारा वेगळा. हा दुसरा रोहिणी अरुंद झाल्याचा असू शकतो, विडी-सिगारेटवाल्यांनी आणि शुगरवाल्यांनी तर अंगावर काढूच नये. डॉक्टर त्याला क्लॉडिकेशन म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लंगडणे. आणि मुंग्यांची गंमत बघा, इंग्रजीत अंगावर सरसरण्याला फॉर्मिकेशन म्हणून शब्द आहे तो पण लॅटिनमधल्या मुंगीवरूनच आलाय, आपण मात्र अंगावर सरसरल्यासारखं झालं तरी आणि पाय बधिर झाला तरी मुंग्याच म्हणतो.

---

मध्यरात्री अचानक अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकायला लागला, चादर टेकलेली पण सोसेना, तर तो बहुतेक गाऊट. आयुर्वेदात ज्याला वातरक्त म्हणतात ते साधारण हेच समजतात. नावात रक्त आहे म्हणून माझे सासरे रक्तप्रवाह बंद झाला की काय म्हणून घाबरलेले, पण ते यूरिक ॲसिडचं दुखणं. तपासून घ्यायचंच, कारण सांध्यात पू झाला तरी असंच ठणकतं.

---

सगळ्यांचे आभार. आता मावशी फोनवर काहीही म्हणाली, शीर म्हणो नाहीतर नस, मी आधी विचारते की एक पाय का दोन्ही, गरम का गार, रंग कसा दिसतोय. दोन्ही पाय सारखे सुजलेत आणि अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहतोय तर हृदय, किडनी, कधीकधी बीपीची गोळी, तेही दाखवायचंच. वहिनीने शिलाई मशीनची टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या होत्या, डॉक्टर म्हणाले गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली मोजतात आणि ३ सेंमीहून जास्त फरक असला तर गुठळीचा संशय वाढतो, पण फरक कमी आला म्हणून घरी बसायचं नाही.

अजून एक विचारायचं राहिलं, मावशी 'पायाला रग लागली' पण म्हणते. ते नुसतं दमल्यावरचं दुखणं, का अवघडून बधिर झाल्यावरही तुमच्याकडे रग म्हणतात?